जेवणानंतरची प्रतिज्ञा

"खरं असेल तर म्हण."

बाईंचं हे वाक्य दिवसातून कितीदा कानावर यायचं ते सांगता येणार नाही. एखादा पोट्टा पोट धरून उभा राहिला आणि "बाई, दुखून राहिलं," म्हणाला, की बाई चष्मा कपाळावर चढवायच्या, थोडं वाकून त्याच्याकडे बघायच्या आणि हे म्हणायच्या. पोट्टा विचारात पडायचा. खरंच दुखत असलं तर पुन्हा सांगायचा, नाहीतर गुपचूप जागेवर जाऊन बसायचा. हेडसर येऊन म्हणाले, "मॅडम, पुढच्या आठवड्यात नळ दुरुस्त होऊन जाईल," तरी चष्मा कपाळावर. "खरं असेल तर म्हणा, सर." हेडसर हसायचे आणि दुसरंच काही बोलायला लागायचे.

शाळेच्या आसपास वावरलेल्या माणसांनी अशी एखादी बाई पाहिलेली असते. तिच्यासमोर खोटं बोलताना जीभ जड होते, आणि तरी मुलं तिच्याच मागे मागे फिरतात.

मी त्या शाळेत खिचडी शिजवते. नागपूरजवळ मिहानच्या कंपन्या आल्या त्यांच्या बाजूला, आधी जिथे शेतं होती आणि आता प्लॉटचे दगड रोवले आहेत, तिथली जिल्हा परिषदेची शाळा. माझी स्वयंपाकाची खोली बाईंच्या वर्गाला लागून आहे. मधल्या भिंतीत खिडकी आहे, तिला झडप नाही. त्यामुळे माझा धूर त्यांच्याकडे जायचा आणि त्यांचा वर्ग माझ्याकडे यायचा. बाकीच्या शिक्षिकांना सगळे मॅडम म्हणत. या एकट्या बाई. का ते कोणी ठरवलं नव्हतं.

मी स्वतः चौथी शिकले, खाप्याजवळच्या एका गावात. आमच्या वेळी प्रतिज्ञा ही ओरडायची गोष्ट होती. पुस्तकाच्या पहिल्या पानांवर छापलेली असायची, पण पुस्तक उघडायची गरज कोणाला नव्हती. गुरुजी छडी घेऊन रांगांमधून फिरायचे, आणि ज्याचा आवाज कमी त्याच्या पोटरीला छडीचं टोक लागायचं. माझा आवाज जन्माचाच बारीक. मी तोंड मोठं उघडायला शिकले.

बाईंची रीत वेगळी होती. आमच्या शाळेत राष्ट्रगीत सगळ्यांचं एकत्र व्हायचं आणि प्रतिज्ञा आपापल्या वर्गात. एक मूल पुढे उभं राहून ओळ सांगणार, बाकीचे हात समोर धरून मागून म्हणणार. दुसऱ्या वर्गांत रोज एकच खणखणीत आवाजाची मुलगी पुढे असायची. बाईंकडे मात्र हजेरीच्या क्रमानं पाळी. अडखळणारा असो, रडका असो, बांधकामावरच्या मजुराचा कालच नाव घातलेला पोरगा असो, पाळी आली की पुढे. त्या दिवशी मुलं डोक्याला तेल चोपडून येत. एकानं मध्येच थांबून सांगितलं, "बाई, इथून पुढचं येत नाही." बाई म्हणाल्या, "येते तेवढं तुझं झालं. बाकीचं आम्ही म्हणतो."

कधी कधी त्या स्वतःच मध्ये थांबवायच्या. सगळे भारतीय बांधव आहेत असं सांगणारी ओळ आली की एखाद्याला विचारायच्या, "कोण कोण रे?"

एकदा एक पोरगा म्हणाला, "बाई, म्हणजे गोलूपण?"

"गोलूपण."

"पण तो मले मारते."

"तुझा घरचा भाऊ नाही मारत?"

पोरगा म्हणाला, "तो तर लईच मारते." वर्ग हसला. बाईही हसल्या आणि म्हणाल्या, "चला, पुढची ओळ." इकडे मी खिडकीपाशी कांदा चिरत एकटीच हसत होते.

हे सगळं त्यांना कुठून आलं ते त्यांनीच एकदा सांगितलं. दुपारी तांदळाच्या पोत्यावर बसून त्या चहा प्यायच्या, तेव्हा. त्यांचे आजोबा इंग्रजांच्या काळात शाळेत होते. तेव्हा शाळेत राजाला मोठं आयुष्य मिळो असं काहीतरी म्हणायला लावत. साहेब तपासणीला आला की आणखी मोठ्यानं. आजोबा आणि त्यांचे सोबती नुसते ओठ हलवायचे. मास्तरांना कळायचं, पण मास्तरही ओठच हलवत होते. मग देश आपला झाला आणि प्रभातफेऱ्यांत मुलं घसा बसेपर्यंत ओरडली. पुढे प्रतिज्ञा आली, मग संविधानाची उद्देशिका आली, आता राज्याचं गीतही आलं. बाई म्हणाल्या, "म्हणायला काही कमी नाही वं सुनंदा. माझे आजोबा म्हणायचे, नुसते ओठ हलवायचे दिवस गेले म्हणूनच हे राज्य आपलं. आता पुन्हा ओठच हलवायचे असतील तर काहून इतकं केलं?"

मी चुलीत लाकूड सारलं. मी सहसा काही बोलत नाही.

आधी शिजवणारी बाई मुलीकडे राहायला गेली, म्हणून बचत गटाकडून हे काम मला मिळालं होतं. आमचं घर बौद्ध आहे. आजोबांनी इथेच नागपुरात सगळ्या वस्तीसोबत दीक्षा घेतली. गावात हे सगळ्यांना ठाऊक, त्यात लपवण्यासारखं काही नाही. माझं काम सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत मधल्या सुट्टीत डबे दिसू लागले. आधी बाईंच्या वर्गातल्या मयूरीचा, मग तिथल्याच आणखी काही मुलींचा. या मुली ओळीत बसत नसत. पलीकडच्या भिंतीपाशी बसून डबा उघडत. मी विचारलं तर एकीनं सांगितलं, "घरी म्हणतात, बाहेरचं खायचं नाही." शाळा सुटली की त्याच मुली टपरीवरून कुरकुरे खात घरी जात. ते बाहेरचं नव्हतं.

मयूरीचे बाबा मिहानमधल्या एका कंपनीत गेटवर होते. माझ्या नवऱ्याच्याच बसनं जायचे. तिथल्या कॅन्टीनमध्ये कोण शिजवतं हे कोणी विचारत नव्हतं.

बाई मधल्या सुट्टीत वर्गातच वह्या तपासत, त्यामुळे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला. एके दिवशी त्या बाहेर आल्या आणि भिंतीकडे बघून म्हणाल्या, "काहून वं मयूरी, तिकडे?"

मयूरी तिसरीतली. तिला आडपडदा ठाऊक नव्हता. तिनं सांगितलं, "आजी म्हणते, ह्या मावशीच्या हातचं खायचं नाही."

माझ्या हातात वाढायचा डाव होता. बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्याबद्दल मी आजही त्यांची आभारी आहे. बघितलं असतं तर मला रडू आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतिज्ञा सुरू झाली. बांधवांची ओळ आली आणि बाईंचा आवाज आला, "थांबा. बसा सगळे." मी चुलीवरचं आधण तसंच ठेवून खिडकीशी गेले. बाई अगदी साध्या आवाजात बोलत होत्या. "आजपासून ही दुपारी म्हणायची. जेवण झाल्यावर. सगळे एका ओळीत बसून एकच जेवले, तर म्हणू. नाही जेवले तर त्या दिवशी नाही. खोटं म्हणण्यापरीस न म्हटलेलं बरं."

त्या दुपारी डबे भिंतीशीच होते. प्रतिज्ञा झाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. राष्ट्रगीत व्हायचं, उद्देशिका व्हायची, धडे, पाढे सगळं व्हायचं. फक्त ही एक गोष्ट अडून राहिली.

ज्या दिवशी ती थांबली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मयूरीची पाळी यायची होती. ती डोक्याला तेल लावून आली होती.

बाई मयूरीला एका शब्दानं बोलल्या नाहीत. दुसरी मुलं तिला "तुझ्यापायी अडलं" म्हणू लागली तर त्यांनाच उभं केलं. "तिला बोलायचं नाही. ती घरच्यांचं ऐकून राहिली. तुम्ही ऐकता का घरच्यांचं?" मग एका संध्याकाळी त्या तिच्या घरी गेल्या. आजीनं चहा दिला, बसायला पाट दिला. आजी म्हणाली, "आमचं काही नाही वं माय. लोक बोलतात."

"कोण लोक?"

"लोक."

हे मला बाईंनीच सांगितलं. सांगताना त्यांना हसूही येत होतं आणि रागही.

मला मात्र बाईंचाच राग आला होता. एवढं मोठं काही करायच्या आधी त्यांनी मला विचारलं नव्हतं. गावात माझ्या नावाची चर्चा सुरू झाली. मी किराणा आणायला गेले की दुकानातलं बोलणं थांबायचं. शेवटी मी धीर करून म्हटलं, "बाई, माझ्यापायी नका करू."

"तुझ्यापायी नाही करून राहिले."

"मग?"

"त्या ओळीपायी."

"ओळीचं काही जात नाही, बाई. माझं काम जाईल."

"तुझं गेलं तर माझंही जाईल."

"तुमचं नाही जात. तुमची बदली होते. आमचं काम जाते."

इतकं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. बाई चहा तसाच ठेवून उठल्या. मला वाटलं, जोडलेलं तोडलं आपण.

त्याच आठवड्यात हेडसरांनी मार्ग काढला. हेडसर वाईट माणूस नव्हते, त्यांना भांडण नको होतं एवढंच. सुनंदाबाई भांडी घासतील, शिजवायला गटातली दुसरी बाई येईल, पगार तोच. हे ऐकून बाई स्वयंपाकाच्या खोलीत आल्या. पोत्यावर बसल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या.

"मागे विचारायला पाहिजे होतं, विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "आता विचारते. तू भांडी घासायला तयार असशील तर मी उद्या सकाळीच प्रतिज्ञा सुरू करते. कोणाला काही बोलणार नाही. तू सांगशील तसं."

चुलीवर मसूर शिजत होता. मी तो हलवला. फोडणी राहिली होती ती दिली. मग म्हटलं, "मी शिजवते."

"आणि प्रतिज्ञा?"

"ती दुपारीच राहू द्या."

बाईंनी मान हलवली आणि थेट हेडसरांच्या खोलीत गेल्या. आतलं बोलणं मला ऐकू आलं नाही. दुसरी बाई काही आली नाही.

मग मयूरीच्या बाबांनी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की शाळेत प्रतिज्ञा बंद पाडली, हा देशाचा अपमान आहे, अशी शिक्षिका मुलांना काय शिकवणार. खाली पुष्कळ जणांनी हात जोडले, झेंडे लावले. डब्यांबद्दल कोणी एक अक्षर लिहिलं नाही. माझ्या नवऱ्यानं ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाला, "ज्यांना प्रतिज्ञा म्हणताना रडू येते, त्याच बाईले देशद्रोही करून राहिले." ते खरं होतं. शेवटच्या ओळीला बाईंचा आवाज कापायचा. मी खिडकीतून रोज ऐकत होते.

तक्रार वर गेली आणि एका गुरुवारी पंचायत समितीचे साहेब चौकशीला आले. हेडसर त्यांना बाईंच्या वर्गात घेऊन आले. मी खिडकीशीच होते.

साहेब म्हणाले, "मॅडम, तुमच्या वर्गात प्रतिज्ञा होत नाही अशी तक्रार आहे."

"बंद नाही केली साहेब. वेळ बदलली."

"कोणाला विचारून?"

"जी शिजवते तिला विचारून."

"परिपाठात व्हायला पाहिजे. नियम आहे तो."

"मुलांनी एकत्र बसून जेवावं, हाही नियमच आहे. तो मोडला म्हणून हा थांबला. तुम्ही थांबा थोडं. आज सगळे ओळीत बसले तर तुमच्यासमोरच म्हणतील."

साहेब थांबले. त्यांना थांबावंच लागलं, कारण मुलं त्यांच्याकडे टक लावून बघत होती. सुट्टी झाली. बाईंनी मला आवाज दिला, "सुनंदा, एक ताट जास्तीचं." व्हरांड्यात ओळ बसली. भिंतीशी डबे होतेच. मयूरी त्यात होती, पण तिनं डबा उघडला नव्हता. ती साहेबांकडे बघत होती. सगळीच बघत होती.

बाईंनी ओळीच्या टोकाला स्वतःचं ताट ठेवलं आणि शेजारी दुसरं. "या साहेब."

मी डाव भरून उभी होते. साहेबांनी ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ते म्हणाले, "माझा गुरुवार असतो."

बाई म्हणाल्या, "चालेल की. खाऊ नका. नुसते बसा ओळीत."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "मॅडम, मला आणखी दोन शाळा करायच्या आहेत."

"मग आजही राहिली," बाई म्हणाल्या आणि जेवायला बसल्या. मी भरलेला डाव त्यांच्या ताटात रिकामा केला. एक शीतही बाहेर सांडलं नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

सुट्टी संपता संपता मुलं पळत आली. "बाई, साहेब चौकात समोसा खाऊन राहिले."

बाई हात धूत होत्या. म्हणाल्या, "उपवासाचा असेल."

बदलीचा आदेश यायला फार वेळ लागला नाही. कारण 'प्रशासकीय' असं लिहिलं होतं. शाळा पार दुसऱ्या टोकाला, बाईंच्या घरापासून बस बदलून जावं लागेल अशी. हेडसरांचा चेहरा उतरला होता. त्यांनी बाईंना आदेश दिला आणि हळूच म्हणाले, "मॅडम, अजूनही एक माफीचा अर्ज दिला तर मी वर बोलून बघतो."

"कशाची माफी, सर?"

हेडसरांनी सहीसाठी पेन पुढे केलं.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, कारण मला शेवट तिथे करायचा नाही. बाईंच्या जागी नवीन मॅडम आल्या. चांगल्या आहेत. प्रतिज्ञा परत सकाळी होते. भिंतीशी अजून काही डबे असतात, पहिल्यापेक्षा कमी. बाईंना ती नवी शाळा लांब पडते, गुडघे दुखतात, पण अर्ज त्यांनी अजून दिलेला नाही. आणि खिचडी मी शिजवते. ते काम माझ्याकडून कोणी काढून घेतलं नाही, आणि कोणी काढायला आलं तर मी या वेळी गप्प बसणार नाही.

तर त्या शेवटच्या दिवशी बाईंना दुपारीच सोडलं. नव्या शाळेत त्याच दिवशी रुजू व्हायचं होतं. मधली सुट्टी सुरू झाली तेव्हा त्या हेडसरांच्या खोलीत सह्या करत होत्या. ओळ बसली, मी वाढत होते. डबे भिंतीशीच. बाई बाहेर आल्या, एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात छत्री. त्यांनी ओळीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. मुलांच्या डोक्यांवरून हात फिरवत गेटकडे निघाल्या. माझ्यापाशी थांबून एवढंच म्हणाल्या, "मीठ आज बरोबर आहे." त्या जेवल्याच नव्हत्या. वासावरून कसं कळलं, कोण जाणे.

त्या गेटबाहेर जाईपर्यंत मयूरी बघत होती. मग ती उठली आणि माझ्यापाशी येऊन म्हणाली, "मावशी, नव्या मॅडम हजेरी पहिल्यापासून धरतील का?"

मी म्हटलं, "धरतील वाटते."

"मग माझा नंबर जाईल ना?"

तिनं पातेल्यात डोकावून बघितलं आणि म्हणाली, "थोडीच द्या."

मी ताट घेतलं. थोडी दिली. ती ओळीत जाऊन बसली. बाकीच्या डबेवाल्या एकमेकींकडे बघू लागल्या. एक उठली. मग दुसरी. शेवटची डबा तसाच उघडा घेऊन ओळीत आली, तिच्या डब्यातल्या पुऱ्यांवर शेजारच्यांनी हात मारला आणि तिनंही त्यांच्या ताटात बोटं घातली. मयूरीनं घाईघाईनं घास संपवले, फ्रॉकला हात पुसले आणि ओळीच्या पुढे जाऊन उभी राहिली. कोणी सांगितलं नव्हतं. तिनं हात समोर केला आणि पहिली ओळ म्हटली.

मुलं खरकट्या हातांनी उभी राहिली आणि मागून म्हणू लागली.

मी गेटकडे बघितलं. बाहेर ऑटो सुरू होता, बाईंची पिशवी सीटवर ठेवलेली होती आणि त्यांचा एक पाय आत होता. ऑटोवाला काहीतरी म्हणाला. बाईंनी पाय बाहेर काढला. शाळेकडे वळल्या, छत्री काखेत धरली आणि भर रस्त्यात उजवा हात समोर धरून उभ्या राहिल्या. मागून एक टेम्पो आला, त्यानं हॉर्न दिला. बाई हलल्या नाहीत. टेम्पो थांबला. ऑटोवाल्यानं इंजिन बंद केलं. मयूरीची ओळ, मग मुलांची ओळ, मयूरीची, मुलांची, असं शेवटपर्यंत सगळं रस्त्यावर स्वच्छ ऐकू जात होतं. मग बाईंनी हात खाली घेतला, टेम्पोवाल्याला वाट करून दिली आणि ऑटोत बसल्या.